मुख्याध्यापकांची सही म्हणजे मुलीची संमती नव्हे : खान्देशातील मानसशास्त्राच्या संशोधकांना खुले पत्र

प्रति,
मानसशास्त्राचे संशोधन मार्गदर्शक, संशोधक विद्यार्थी आणि महाविद्यालयांच्या एथिक्स कमिट्यांचे (संशोधन नैतिक आहे का, ते तपासणाऱ्या समित्यांचे) सदस्य,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे

सर आणि मॅडम, सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या, की सातपुड्यातल्या आश्रमशाळांचे फोन वाजू लागतात. कुणाचा एम.ए.चा प्रकल्प असतो, कुणाला पीएच.डी.चा डेटा गोळा करायचा असतो, सबमिशनची तारीख डोक्यावर असते. "आठवी ते दहावीची शंभर मुलं मिळतील का? पन्नास मुलगे, पन्नास मुली. एका दिवसात उरकतो." मुख्याध्यापक हो म्हणतात, कारण हातात महाविद्यालयाचं पत्र असतं आणि माणसं लांबून आलेली असतात. प्रश्नावल्या वाटल्या जातात, गोळा होतात आणि अंधार पडायच्या आत गाडी घाट उतरते.

मी धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. एम.ए. मानसशास्त्रातच केलं, म्हणून तुमची अडचण मला परकी नाही आणि संशोधन नको असं तर मी मुळीच म्हणणार नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलीच्या मनावर काय ओझं असतं, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेलं सहा-सात वर्षांचं पोर वसतिगृहातले पहिले महिने कसे काढतं, लग्न ठरलं म्हणून नववीत शाळा सोडणारी मुलगी काय सोसते, याचा अभ्यास खान्देशात झालाच पाहिजे. तो इथल्याच महाविद्यालयांनी करावा. पण आज तो ज्या रीतीने होतो आहे, ती रीत बदला, एवढं सांगायला हे पत्र.

मागच्या हिवाळ्यात आमच्या मुलींना उदासीनता मोजणारी एक चाचणी दिली गेली. कुणी दिली, कुठून आले होते, ते इथे लिहीत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये सतरंजीवर मुली रांगेने बसल्या, इतक्या जवळ की एकीचं उत्तर दुसरीला दिसावं. सूचना प्रमाण मराठीत आणि भरभर. "प्रामाणिकपणे लिहा, यात चूक-बरोबर काही नसतं." कागद जमा झाले, मोजले, पिशवीत गेले. रात्री हजेरी घेताना एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, मी पास होईन ना? त्या मरायच्या प्रश्नाला मी तिसरं लिहिलंय."

ही चाचणी तुम्ही सगळे ओळखता. मरणाच्या विचाराचा एक प्रश्न त्यात असतो आणि पर्याय क्रमाने अधिकाधिक गंभीर होत जातात. तिसरा पर्याय काय असतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तो कागद त्या वेळी घाटाखाली निघून गेला होता. गुणांकन सावकाश होणार होतं, मग तिच्या उत्तराचा आकडा होऊन सरासरीत मिसळणार होता. ती माझ्याशी बोलली म्हणून आम्हाला कळलं, तिला डॉक्टरांकडे नेता आलं, आईला बोलावता आलं. आज ती बरी आहे. तिची ओळख पटेल असं काहीही मी इथे ठेवलेलं नाही, याहून अधिक लिहिणारही नाही.

यातून एक नियम मला सुचतो. मरणाविषयी प्रश्न विचारायचा असेल, तर त्याचं प्रत्येक उत्तर गाडी निघण्याआधी कुणीतरी वाचलेलं असलंच पाहिजे. काही आढळलं तर शाळेतल्या कुणा जबाबदार माणसाला सांगायचं, आणि हे सांगावं लागेल याची कल्पना मुलांना प्रश्नावलीच्या आधीच द्यायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून जाणं पुरेसं नाही. आमच्या कितीतरी पाड्यांवर रेंज मिळत नाही, आणि वसतिगृहातल्या मुलीच्या हातात फोन नसतो. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात मागच्या वर्षीचे न तपासलेले गठ्ठे पडून असतील, तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी तो एक प्रश्न तपासा.

आता संमतीविषयी. "आम्ही मुलांना विचारलं होतं, कुणीच नाही म्हणालं नाही," असं मला सांगितलं जातं. कसं म्हणेल? मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रॅमचा प्रयोग आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्यांनी प्रौढ, कमावत्या पुरुषांना दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. पहिल्या ४० जणांपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. त्यांना कुणी कोंडलं नव्हतं, पैसे हातात पडलेले होते, उठून जायला काहीच हरकत नव्हती. कोट घातलेला एक माणूस "प्रयोग पुढे चालू राहायला हवा" असं शांतपणे म्हणत होता, तेवढं पुरलं. मिलग्रॅमने त्या लोकांना अंधारात ठेवलं, त्यांना प्रचंड ताण दिला, म्हणून त्याच्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण त्याचा निष्कर्ष आपण शिकवतो तो काय? अधिकारी माणसासमोर मोठ्यांनाही अनेकदा नकार देता येत नाही. मग पावरा या आदिवासी जमातीतल्या तेरा वर्षांच्या मुलीपुढे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, अधीक्षिका आणि शहरातून आलेले सर असे चौघं उभे असताना तिच्या गप्प बसण्याला संमती कसं म्हणता येईल?

नाही म्हणायला खरोखर वाट ठेवली, तरच हो ला किंमत येते. ती वाट ठेवणं अवघडही नाही. ज्यांना भरायचं नाही त्यांच्यासाठी त्याच वेळी चित्रकला किंवा कॅरम ठेवा, म्हणजे कोण उठलं याची चर्चा होणार नाही. शिक्षकांना आणि मलासुद्धा हॉलबाहेर बसवा. एका दिवशी समजावून सांगा, रात्र मध्ये जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी विचारा. अर्धवट सोडलेला कागद परत पुढे सरकवू नका. आणि बिस्किटाचा पुडा आणला असेल, तर तो सगळ्या मुलांना द्या. भरलेला कागद हातात पडल्यावरच पुडा दिला, तर घरापासून लांब राहणाऱ्या पोरासाठी ती किंमत ठरते.

पालकांचं काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि शिवाय मुलाची स्वतःची अनुमती, दोन्ही लागतात. सात ते बारा वर्षांपर्यंत ती तोंडी, त्यापुढे अठरापर्यंत लेखी. संस्थेच्या किंवा समाजाच्या प्रमुखाने परवानगी दिली, तरी प्रत्येक माणसाची वेगळी संमती टळत नाही. वाचता न येणाऱ्याला समजावून सांगायचं आणि तिऱ्हाईत साक्षीदार ठेवायचा. आदिवासी भागात जाण्याआधी सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्याची परवानगी घ्यायची, आणि त्या अभ्यासातून त्या समाजाला काही लाभ व्हायला हवा. हे सगळं छापलेलं आहे, नवं काही मी मागत नाही.

अडचण मला माहीत आहे. दिवाळीनंतर तुम्ही येता तेव्हा निम्मे आईबाप गुजरातेत किंवा ऊसतोडीवर असतात, सही कुणाची घेणार? म्हणून तर म्हणते, जूनमध्ये या. प्रवेशाच्या वेळी पालक पोरांना सोडायला स्वतः येतात, दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसलेले असतात. तेव्हा कुणी शेजारी बसून त्यांच्या बोलीत सांगितलं, की तुमच्या मुलीला असं असं विचारणार आहोत, तुम्ही नको म्हणालात तर तिच्या शाळेला, जेवणाला, कशालाही धक्का लागणार नाही, तर ते नीट ऐकतात आणि नेमके प्रश्न विचारतात.

"आम्ही कुठे इंजेक्शन देतो? साधी प्रश्नावली तर आहे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याला उत्तर द्यायलाच हवं. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात एक अभ्यास झाला. मेरी ट्यूडर ही पदव्युत्तर विद्यार्थिनी होती, तिचा प्रबंध होता, आणि मार्गदर्शक होते वाचादोषांचे मोठे अभ्यासक वेंडेल जॉन्सन. ते स्वतः अडखळत बोलणारे, त्यामुळे या विषयाची त्यांना मनापासून तळमळ होती. २२ मुलं निवडली. त्यातल्या नीट बोलणाऱ्या सहा मुलांना वारंवार सांगण्यात आलं, की तुझं बोलणं अडखळतं, नीट बोलता येईपर्यंत तोंड उघडू नकोस. आश्रमातल्या शिक्षिकांना आणि मुलांची देखभाल करणाऱ्या बायांना खरा हेतू सांगितला नव्हता. सुई नव्हती, औषध नव्हतं, फक्त वाक्यं होती. ती मुलं बोलायला कचरू लागली, वर्गात गप्प राहू लागली. ट्यूडर नंतर स्वतःहून परत गेली, जे बिघडलं ते सावरायचा प्रयत्न तिने केला. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहिला. वृत्तपत्राने प्रकरण उघडकीस आणल्यावर २००१ मध्ये विद्यापीठाने माफी मागितली, २००७ मध्ये राज्याने ९,२५,००० डॉलरची भरपाई मान्य केली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

त्या प्रबंधात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हुशार विद्यार्थिनी, नामवंत मार्गदर्शक, चांगला विषय आणि हाताशी सहज मिळणारी मुलं. अनाथाश्रमच का निवडला? कारण तिथे विचारायला येणारे आईबाप नव्हते. आश्रमशाळा का निवडली जाते, याचं उत्तर तुम्ही स्वतःशी द्या.

आपल्याकडच्या प्रबंधांचे विषय पाहा : आदिवासी आणि बिगरआदिवासी विद्यार्थ्यांच्या स्वसंकल्पनेचा (स्वतःविषयीच्या कल्पनेचा), समायोजनाचा (जुळवून घेण्याचा), बुद्धिमत्तेचा तुलनात्मक अभ्यास. चाचणी शहरी मुलांवर प्रमाणित झालेली असते. "मला माझ्या खोलीत एकट्याने बसायला आवडतं," या विधानाला एका हॉलमध्ये चाळीस जणींबरोबर झोपणारी मुलगी काय उत्तर देईल? "आईवडील रोज माझ्या अभ्यासाची चौकशी करतात," याला "नाही" म्हटलं की गुण कमी. बाप कापसाच्या नाहीतर उसाच्या शेतात दोनशे किलोमीटर लांब असतो, पोराला आठवून रडत असतो, त्याचं प्रेम मोजायला या चाचणीत रकाना नाही. मग निष्कर्ष छापला जातो, की आदिवासी विद्यार्थ्यांचं कौटुंबिक समायोजन निम्न आहे. हा निष्कर्ष शाळेपर्यंत शिक्षकांच्या बोलण्यातून पोचतो, "यांचं असंच असतं" या रूपात, आणि मुलं तो ऐकतात. मुलांना न लागू पडणारी चाचणी देणं ही नुसती पद्धतीतली चूक मानून सोडून देता येणार नाही. त्यात मुलांचं नुकसान आहे.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, कापसाच्या पट्ट्यातलं. तिथे एका घरातल्या कर्त्या माणसाने जीव दिला. सरकारी मदतीचा प्रस्ताव पात्र ठरतो की अपात्र, याची वाट पाहत ते घर बसलेलं असताना एक संशोधक फाइल घेऊन आला. ओट्यावरच बसून त्याने त्या बाईला विचारलं, शेवटच्या दिवसांत घरात भांडण झालं होतं का, त्यांना दारूचं व्यसन होतं का. शेजारी सासू, दाराशी दोन मुलं, समोर भाऊबंद. बाईने सगळं सांगितलं. तो उठताना तिने विचारलं, "भाऊ, आमनं काम व्हई जाई ना?" तिला वाटलं होतं, हा सरकारी माणूस आहे आणि या कागदावर आपला प्रस्ताव अवलंबून आहे. त्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, फक्त तिचा समज दूर केला नाही. अशा घरी जाताना पहिलं वाक्य हेच हवं, की मी सरकारकडून आलेलो नाही, माझ्या कागदाने तुमचं काम होणारही नाही आणि अडणारही नाही. मग ती बोलली तर बोलली. आणि असं बोलणं आडोशाला, तिच्या सोयीने व्हावं, दुखवट्याच्या गर्दीत होऊ नये.

प्राण्यांवरच्या प्रयोगांविषयीही मला लिहायचं आहे, कारण त्याचा संबंध वरच्या सगळ्याशी आहे. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये माकडाची पिल्लं जन्मतःच आईपासून तोडली आणि तारेची नि कापडाची अशा दोन खोट्या आया दिल्या. दूध तारेच्या आईकडे असलं, तरी पिल्लं कापडाच्या आईला बिलगून राहत. जिवाला मायेचा स्पर्श लागतो, हे त्यातून कळलं. पुढे हार्लो यांनी पिल्लांना महिनोन्‌महिने एकटं कोंडून ठेवण्याचे प्रयोग केले, त्यातून ती पिल्लं कायमची मोडली. १९६७ मध्ये सेलिग्मन आणि मायर यांनी कुत्र्यांना चुकवता न येणारे विजेचे झटके दिले, त्यातून शिकलेली हतबलता, म्हणजे काही केलं तरी सुटका नाही असं शिकलेला जीव प्रयत्नच सोडतो, हा सिद्धांत आला. दोन्ही आपण पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानात शिकवतो. त्या प्राण्यांनी काय सोसलं, ते शिकवत नाही. माझी विनंती आहे, की शिकवा. निष्कर्षाबरोबर किंमतही सांगा, नाहीतर विद्यार्थ्याला वाटतं की ज्ञान फुकट मिळतं.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत आता उंदीर क्वचित दिसतो. औषधनिर्माणशास्त्राकडे मात्र नैराश्यावरच्या औषधांसाठी उंदराला पाण्याच्या उभ्या नळकांड्यात सोडून तो किती वेळ हालचाल न करता तरंगतो ते मोजण्याची चाचणी १९७७ पासून चालत आली आहे. हा तरंगणारा उंदीर निराश झालेला असतो, की ताकद वाचवायला शिकलेला असतो, यावर संशोधकांमध्येच आज मोठा वाद आहे. ज्या चाचणीच्या अर्थावरच एकमत नाही, तिच्यासाठी किती जीव पाण्यात सोडायचे, हे कमिटीने विचारलंच पाहिजे. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या : पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरावेच लागले तर संख्या कमीत कमी ठेवा, आणि वेदना कमीत कमी द्या. आपला प्राण्यांविषयीचा १९६० चा कायदाही सांगतो, की पुस्तकं, प्रतिकृती किंवा चित्रफितींनी शिकवणं भागत असेल तर प्राण्यांवर प्रयोग टाळा.

आता हे पाहा. १९९८ च्या नियमांनुसार एका उंदरावर प्रयोग करायचा, तर संस्थेची नोंदणी लागते, प्राणी नीती समिती लागते, तिच्यावर प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेला बाहेरचा सदस्य लागतो. किती उंदीर, का, वेदना कशी कमी करणार, शेवटी त्यांचं काय करणार, हे आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. हे असायलाच हवं, मुक्या जिवासाठी एवढं तरी हवंच. पण आमच्या शंभर मुलांसाठी आजवर एक फोन आणि एक सही पुरत आली आहे.

काही महाविद्यालयांत एथिक्स कमिटी नाही, असं मला सांगितलं जातं. मग जिथे आहे तिथे प्रस्ताव पाठवा, तीन-चार महाविद्यालयं मिळून एक समिती बनवा. २०१७ च्या तत्त्वांप्रमाणे अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि सदस्यांत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्रज्ञ आणि एक सर्वसामान्य माणूस असतो. आदिवासी मुलांवरचा प्रस्ताव असेल, तेव्हा हा सर्वसामान्य माणूस त्याच तालुक्यातला घ्या. एखादी आशाताई, एखादा शिकलेला पावरा किंवा भिल्ल तरुण, वसतिगृहात पोर असलेली एखादी आई. कोणत्या प्रश्नाने पोराला लाज वाटेल, हे ती आई ज्या वेगाने सांगेल, तितकं तुम्हाआम्हाला कळणार नाही.

आणखी एक. नेलेला डेटा एकाच कामासाठी नेलेला असतो. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी जमातीने १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी आपलं रक्त दिलं. पुढे तेच रक्त त्यांना न सांगता स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरलं गेलं. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने ७,००,००० डॉलर दिले आणि उरलेले नमुने जमातीला परत केले. आपल्याकडे एका विद्यार्थ्याने गोळा केलेल्या प्रश्नावल्या दुसऱ्याच्या प्रबंधात जातात, मुलांची नावं आणि गावं असलेली एक्सेल शीट व्हॉट्सॲपवर फिरते. नावाचा रकानाच काढून टाका, क्रमांक द्या, आणि क्रमांकाची यादी मार्गदर्शकाकडे कुलपात ठेवा.

निष्कर्ष आम्हालाही कळवा. प्रबंधाची जाड प्रत नको. दोन पानं पाठवा, किंवा अर्धा तास येऊन मुलांना सांगा, की तुम्ही जे लिहिलंत त्यातून आम्हाला हे कळलं. आजवर प्रश्नावल्या घेऊन गेलेलं कुणी असं परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मुलं विचारतात.

पुढच्या जूनची तयारी आत्ताच करता येईल. तुमची प्रश्नावली एप्रिलच्या सुट्टीआधी पाठवा. आमच्याच शाळेतून बारावी झालेल्या दोन-तीन पावरा मुली ती वाचतील, कुठलं वाक्य कळत नाही, कुठलं वाक्य पाड्यावरच्या घराला लागू पडत नाही, ते लिहून देतील. त्यांना त्या कामाचं मानधन द्या. प्रवेशाच्या आठवड्यात पालकांशी बोलायला मी शाळेच्या ओट्यावर तुमच्याबरोबर बसेन. मुलांशी बोलायची वेळ येईल तेव्हा तुम्ही सांगाल तितकी लांब जाऊन थांबेन.

आपली,
एक अधीक्षिका,
आश्रमशाळा, धडगाव तालुका, जि. नंदुरबार